पाळण्यात दिसलेले पाय

गेल्या महिन्यात तिघांनी आपापल्या सिनॉप्सिसचे मसुदे मला वाचायला पाठवले. विषय वेगळे होते: बालगुन्हेगारी, घरफोड्या, ऑनलाइन फसवणूक. पण संशोधनपद्धतीचा परिच्छेद तिन्हींत जवळजवळ एकच. अमुक कारागृहातल्या किंवा निरीक्षणगृहातल्या इतक्या-इतक्या जणांना प्रश्नावली द्यायची, घरची परिस्थिती, शिक्षण, व्यसन, संगत विचारायची, टक्केवारी काढायची, आणि शेवटच्या प्रकरणाला नाव द्यायचं 'गुन्हेगारीची कारणे'.

मी कुणाला हसत नाहीये. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून मी या विषयात आले तेव्हा माझाही सिनॉप्सिस हाच होता. तो आरआरसीत कसा पडला ते पुढं येईलच. आधी दोन पुस्तकांबद्दल बोलू, कारण ती वाचली नसती तर तो का पडला हे मला आजही कळलं नसतं. दोन्ही पुस्तकं त्याच मुलांबद्दल आहेत, त्याच माहितीवर उभी आहेत, आणि तरी त्यांची उत्तरं एकमेकांशी भांडतात.

पहिलं पुस्तक हार्वर्डमधल्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक या दांपत्याचं, 'अनरॅव्हलिंग जुव्हेनाइल डेलिंक्वन्सी', १९५० सालचं. शेल्डन कायद्याचे प्राध्यापक. एलिनॉर डॉक्टरेट झालेल्या, आयुष्यभर नवऱ्याच्या बरोबरीनं काम केलेल्या, पण त्यांना तिथं प्राध्यापकपद कधीच मिळालं नाही. (पीएच.डी. करणाऱ्या मुलींनी हे वाक्य परत एकदा वाचलं तरी चालेल.)

त्यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सुधारगृहांमधली ५०० मुलं घेतली आणि बॉस्टनच्या सरकारी शाळांमधली, गुन्ह्याची नोंद नसलेली ५०० मुलं घेतली. सगळी गोरी, सगळे मुलगे, वय १० ते १७. मग एकेका मुलासमोर एकेक मुलगा जुळवला: वय तेच, वंश तोच, बुद्ध्यांक आसपास, आणि वस्तीही तशीच गरीब. संगणक नसलेल्या काळात हे केलं आहे. प्रत्येक मुलाची मुलाखत, आई-बापांची मुलाखत, शिक्षकांचं मत, डॉक्टरांची तपासणी, समाजसेवी संस्थांच्या फायली. पुढे हीच मुलं सरासरी २५ वर्षांची झाली तेव्हा आणि ३२ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा शोधून काढली. आपल्याकडे सहा महिन्यांनी त्याच माणसाला फोन लावला तर नंबर बंद असतो, म्हणून या कामापुढं आधी हात जोडते आणि मगच टीका करते.

ग्लुक दांपत्याचं उत्तर थोडक्यात असं: मूळ घरात आहे. बापाची शिस्त कशी, आईची देखरेख कशी, दोघांची माया किती, घर एकमेकांना धरून आहे का. यावरून त्यांनी गुणांचा एक तक्ता बनवला आणि म्हटलं की मूल शाळेत दाखल होतं त्याच वयात, म्हणजे सहाव्या वर्षाच्या आसपास, ते पुढं गुन्ह्याकडे वळेल का हे सांगता येईल. शरीराची ठेवणही त्यांनी मोजली. दणकट, स्नायूदार बांध्याची मुलं सुधारगृहाच्या गटात सुमारे ६० टक्के निघाली, दुसऱ्या गटात सुमारे ३१ टक्के.

आपल्याकडे याला एक म्हण तयारच आहे: मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ग्लुकांनी त्या पायांचं माप घ्यायला पट्टी बनवली.

आता पट्टीकडे बघू. तुम्हाला हे पुस्तक परीक्षेत दोन ओळींत येईल, 'बहुकारणवादी दृष्टिकोन' असं लिहून पुढं जाल. पण संशोधन शिकायचं असेल तर याची चूक फार उपयोगाची आहे, कारण ती मूर्खपणाची चूक नाही. हुशार, कष्टाळू माणसं करतात ती चूक आहे.

त्यांच्या अभ्यासात १,००० पैकी ५०० मुलं सुधारगृहातली होती, म्हणजे निम्मी. खऱ्या शाळेत निम्मी मुलं सुधारगृहात जात नाहीत. कागद-पेन घ्या. समजा तक्ता खूप चांगला आहे. गुन्ह्याकडे जाणाऱ्यांतली ९० टक्के तो बरोबर ओळखतो आणि न जाणाऱ्यांतलीही ९० टक्के बरोबर. अभ्यासातल्या ५००-५०० मुलांवर वापरला तर तो ५०० मुलांवर शिक्का मारेल. त्यात ४५० बरोबर, ५० चूक. झकास वाटतं. आता हाच तक्ता अशा शाळेत न्या जिथं १,००० मुलांत पुढं ५० जण गुन्ह्याकडे जाणार आहेत. त्या ५० पैकी ४५ तो पकडेल. पण उरलेल्या ९५० चे १० टक्के, म्हणजे ९५ मुलं, तीही पकडली जातील. शिक्का बसला १४० जणांवर, त्यातल्या ९५ जणांचा काही संबंध नाही. तक्ता तोच, अचूकताही तीच. शिक्का बसलेल्या तीन मुलांत दोन निरपराध. अल्बर्ट रीस या समाजशास्त्रज्ञानं पुस्तक आल्यावर वर्षभरातच, १९५१ मध्ये, याच जागी बोट ठेवलं होतं. तरी तक्ता पुढं न्यूयॉर्कमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलांवर तपासला गेला. तिथं ज्या घरांत बापच नाही तिथं बापाच्या शिस्तीला आणि मायेला गुण कसे द्यायचे इथं गाडं अडलं, आणि तक्ता बदलावा लागला.

दुसरी अडचण जास्त बारीक आहे, आणि मसुदे वाचताना मला हीच सगळ्यात जास्त दिसते. ग्लुकांनी दोन्ही गट गरीब वस्तीतलेच घेतले. एकदा वस्ती जुळवून घेतली की वस्तीचा परिणाम तुमच्या आकडेवारीतून नाहीसा होतो. दोन्ही बाजूंना वस्ती सारखीच, मग फरक दिसणार कुठून? तो घरातच दिसणार. यात गैर काही नाही, पण त्यावरून 'वस्तीपेक्षा घर महत्त्वाचं' असं म्हणता येत नाही, कारण वस्तीला तुम्ही शर्यतीत उतरूच दिलं नाही. तुम्ही फक्त एकाच तालुक्यातल्या, एकाच जातगटातल्या मुलांची तुलना केली आणि निष्कर्षात लिहिलं की जात किंवा दुष्काळ यांचा संबंध आढळत नाही, तर तुम्ही ग्लुकांच्याच बाकावर बसलात.

तिसरी अडचण वेळेची. मुलगा सुधारगृहात गेल्यावर आई-बापांना विचारलं की तुम्ही याला लहानपणी कसं वागवलं. ज्या घरानं नुकतीच पोलिसांची गाडी दारात बघितली आहे, त्या घराची माया मोजायची तर ती घटनेच्या आधीची मोजतो आहोत की नंतरची? कडक शिस्तीमुळं पोरगं बिघडलं, की बिघडलं म्हणून शिस्त कडक झाली? १९५० च्या पुस्तकातल्या तक्त्यांना हे सांगता येत नाही.

आणि ही म्हण कायद्यात उतरली की काय होतं ते बघायला बॉस्टनला जायची गरज नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ च्या नव्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यातही आला. ग्लुक निदान सहा वर्षं थांबायला तयार होते. या कायद्यात जन्म पुरेसा होता. मुंबई इलाख्याच्या पोलिस खात्यातले मायकेल केनेडी यांचं १९०८ चं 'नोट्स ऑन क्रिमिनल क्लासेस इन द बॉम्बे प्रेसिडेन्सी' हे पुस्तक चाळा. जातीमागून जात घेतली आहे: राहणं कुठं, पेहराव कसा, बोली कोणती, चोरी कशी करतात. 'कोण' आहे, 'कसं' आहे. 'का' हा प्रश्न त्या पुस्तकाला पडत नाही, कारण त्याचं उत्तर प्रकरणाच्या मथळ्यातच जातीच्या नावानं छापलेलं आहे.

संशोधक म्हणून मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हजेरी. नोंदलेल्या जमातीतल्या माणसानं ठरल्या वेळी हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, आणि हे मोडलं तर तोच गुन्हा. म्हणजे मजुरीला शेजारच्या गावात गेलेला, आजारी बहिणीला भेटायला गेलेला माणूस नोंदीत गुन्हेगार म्हणून चढला. नोंदी वाढल्या की जमात गुन्हेगार असल्याचा पुरावा वाढला. मोजण्याची पद्धतच मोजायची गोष्ट तयार करत होती. मुलांना आई-बापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याची तरतूदही त्यात होती, पुन्हा तोच पाळणा. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, म्हणून आपण 'विमुक्त' म्हणतो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पारधी वस्तीवर संशयानं पडणारी धाड कोणत्या कायद्यानं थांबली ते मला सांगा. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' तुम्ही बी.ए.ला किंवा आवडीनं वाचलं असेल, तर मी काय म्हणते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. गुन्हेशास्त्राच्या अभ्यासक्रमात ते पुस्तक संदर्भ म्हणून का लावत नाहीत हे मला न सुटलेलं कोडं आहे.

आता खोक्यांकडे येऊ. (महाराष्ट्रात खोकी म्हटलं की वेगळंच आठवतं, ते सोडा.)

ग्लुक दांपत्याच्या सगळ्या फायली हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाच्या तळघरात साधारण साठ खोक्यांमध्ये पडून होत्या. १९८० च्या दशकाच्या मध्यात जॉन लॉब या तरुण अभ्यासकाच्या हाती त्या लागल्या. त्यानं आणि रॉबर्ट सॅम्पसननं काही वर्षं घालून हातानं लिहिलेल्या त्या कागदांची नव्यानं वर्गवारी केली, ते संगणकावर चढवले, आणि १९९३ मध्ये 'क्राइम इन द मेकिंग' हे पुस्तक आलं. हेच माझं दुसरं पुस्तक.

त्यांनी नवी मुलं शोधली नाहीत. प्रश्न बदलला. ग्लुक विचारत होते की ही ५०० त्या ५०० पेक्षा वेगळी का. सॅम्पसन आणि लॉबनी विचारलं की या ५०० मधले काही जण पुढं थांबले आणि काही थांबले नाहीत, असं का. बालपण दोघांचं सारखंच वाईट. पाळण्यातले पाय सारखेच. मग फरक कुठला?

लहानपणीच्या वागण्याचा मोठेपणीच्या गुन्ह्यांशी संबंध आहे हे ते नाकारत नाहीत, उलट आकड्यांत दाखवतात. पण त्यावरही मोठेपणी मिळालेली टिकाऊ नोकरी आणि घट्ट जमलेलं लग्न यांचा वेगळा परिणाम दिसतो. आणि एक निष्कर्ष असा आहे जो निरीक्षणगृहांवर काम करणाऱ्या प्रत्येकानं वहीत लिहून ठेवावा. मुलगा जितका जास्त काळ कोंडला गेला तितकी पुढं त्याची नोकरी टिकली नाही, आणि नोकरी न टिकण्याचा संबंध पुढच्या गुन्ह्यांशी होता. म्हणजे आपण ज्याला उपाय म्हणतो तो कारणांच्या यादीत शिरतो. ग्लुकांच्या नजरेला हे येणं कठीण होतं, कारण त्यांच्या मांडणीत सुधारगृह ही मुलं निवडण्याची जागा होती. मुलाच्या आयुष्यात घडलेली घटना म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

दहा वर्षांनी, २००३ मध्ये, दोघांनी पुढचं पुस्तक लिहिलं, 'शेअर्ड बिगिनिंग्ज, डायव्हर्जंट लाइव्ह्ज'. सुधारगृहातली ती मुलं आता सत्तरीला आली होती. ५०० जणांच्या गुन्ह्यांच्या आणि मृत्यूच्या नोंदी धुंडाळल्या, आणि ५२ जणांना शोधून त्यांच्याशी बोलले. निष्कर्ष: वय वाढत गेलं तसा सगळ्यांचाच गुन्हा ओसरला, अगदी सर्वांत बिलंदरांचाही. कोणाचा लवकर, कोणाचा उशिरा. पण लहानपणच्या माहितीवरून कोण कधी थांबेल हे सांगता आलं नाही. म्हणजे ग्लुकांच्याच खोक्यांनी ग्लुकांचा तक्ता पाडला. या कामाबद्दल दोघांना २०११ चा स्टॉकहोम पुरस्कार मिळाला.

माझ्यासारख्या संख्याशास्त्रवालीला यात आवडतो तो तुलनेचा मार्ग. २००६ च्या एका लेखात त्यांनी या माणसांचं आयुष्य वर्षावर्षानं मांडलं आणि त्याच माणसाची लग्नातली वर्षं त्याच्याच लग्नाबाहेरच्या वर्षांशी ताडून पाहिली. लग्न झालेल्या काळात गुन्ह्याची शक्यता सरासरी ३५ टक्क्यांनी कमी निघाली. इथं तुलनेचा माणूस तो स्वतःच आहे. जन्म, घर, बाप, बांधा, सगळं आपोआप जुळलेलं. ५०० जोड्या लावत बसायला नको.

पण थांबा, यावरही विश्वास टाकायच्या आधी दोन गोष्टी.

हे वाचल्याबरोबर माझी आई म्हणाली, "हे सांगायला हार्वर्ड कशाला हवं?" बरोबरच आहे. गावोगाव म्हणतातच: दोनाचे चार करून द्या, येईल ताळ्यावर. पण त्या 'ताळ्यावर येण्याचा' हिशेब कुणाच्या खात्यावर पडतो? सॅम्पसन आणि लॉब सांगतात की लग्नानं माणसाचा दिनक्रम बदलतो, जुने मित्र सुटतात, घरी कुणीतरी लक्ष ठेवणारं येतं. ते 'कुणीतरी' म्हणजे एक बाई. पगार हातात घेणारी, रात्री दाराकडे बघत बसणारी, आणि नवरा सुधारला नाही तर मार खाणारी. तिची मुलाखत या अभ्यासाचा विषय नाही. ती यात औषधासारखी येते, आणि औषधाला कुणी विचारत नाही की तुला काय झालं. माझ्या मते या पुस्तकातली ही सर्वांत मोठी मोकळी जागा आहे. तुमच्यापैकी कुणाला विषय सापडत नसेल तर इथं बसा.

दुसरी गोष्ट काळाची. ही माणसं तरुण झाली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या भरभराटीच्या अमेरिकेत. सैन्यात भरती, सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत, कारखान्यात शिक्षण नसतानाही मिळणारी कायमची नोकरी. 'टिकाऊ नोकरीनं माणूस थांबतो' हे वाक्य टिकाऊ नोकऱ्या असलेल्या देशात लिहिलं गेलं. सोलापूर किंवा इचलकरंजीतल्या वीस वर्षांच्या मुलाला, जो आज एका ठेकेदाराकडे आणि उद्या दुसऱ्याकडे जातो, ते जसंच्या तसं लावू नका. आणि मुलगे सगळे गोरे होते हे विसरू नका. तेवढीच नोंद असलेल्या काळ्या मुलाला त्याच बॉस्टनमध्ये तीच नोकरी मिळाली असती का, हे या खोक्यांत नाही.

आता माझा सिनॉप्सिस. शीर्षक होतं 'विधिसंघर्षग्रस्त बालकांच्या गुन्हेगारीची कारणमीमांसा'. परवानगी काढून एका निरीक्षणगृहात मी पूर्वतयारीसाठी आठवडाभर जात होते. प्रश्नावली बत्तीस प्रश्नांची. एके दिवशी सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा समोर होता, गाडीचोरीचं प्रकरण. सुरुवातीला 'मॅडम, मॅडम' करत सगळ्याची उत्तरं दिली. वडील दारू पितात का, हो. शाळा कधी सोडली, आठवीत. मित्र कसे. मग एकदम मला म्हणाला, "ताई, तुम्हाला भाऊ आहे का?"

मी म्हटलं, आहे.

"त्यानं कधी काय उचललं नाय का?"

मी "नाही" म्हणाले आणि पुढचा प्रश्न विचारला.

खोटं बोलले होते. माझ्या भावानं अकरावीत असताना कॉलनीतल्या एका काकांची मोटरसायकल रात्री किल्ली न मागता नेली होती, दोन मित्रांना घेऊन, आणि महामार्गावर आपटून तिचं पुढचं चाक वाकवून आणलं होतं. काका चिडले, पोलिसांत जातो म्हणाले. आमच्या अण्णांची गावात ओळख होती. दुसऱ्या दिवशी चहा झाला, दुरुस्तीचे पैसे दिले गेले, भावाला दोन थोबाडीत बसल्या, विषय संपला. तो आज इंजिनीअर आहे. त्याची कुठंही नोंद नाही. ग्लुकांच्या अभ्यासात तो शाळेतल्या ५०० मध्ये बसला असता. (न्याय द्यायचा तर ग्लुकांनी मुलाचं, पालकांचं आणि शिक्षकांचंही सांगणं गोळा केलं होतं, आणि सॅम्पसन-लॉबनी ते नोंदींच्या शेजारी ठेवून वापरलं. आपल्याकडचे बहुतेक प्रबंध तेवढंही करत नाहीत.)

पंधरा दिवसांनी आरआरसीसमोर मी उभी होते. एका ज्येष्ठ सदस्यांनी एकच प्रश्न विचारला: "तुलनेला कोण आहे?" मी म्हटलं, सर, हा वर्णनात्मक अभ्यास आहे. ते म्हणाले, "मग शीर्षकात कारणमीमांसा कशाला लिहिलंय?" मला भाऊ आठवला आणि तोंडातून शब्द फुटेना. फाइल परत आली.

त्या दिवशी वाईट वाटलं, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. माझी प्रश्नावली मुलं गुन्हा का करतात हे विचारत नव्हती. गाडी नेलेल्यांपैकी कोण निरीक्षणगृहापर्यंत पोचतो, एवढंच तिला सांगता आलं असतं, आणि तेही मी चुकीच्या नावाखाली मांडणार होते. एडविन सदरलँड या अमेरिकन गुन्हेशास्त्रज्ञाचं, ज्याचं ग्लुकांशी कधी पटलं नाही, १९३९ पासून हेच म्हणणं होतं: गरिबीनं गुन्हे होतात असा सिद्धांत तुम्ही तुरुंगातल्या गरिबांवरून बांधता, कंपन्यांच्या संचालकांना त्यात धरतच नाही. त्यानं ७० मोठ्या कंपन्यांनी मोडलेल्या कायद्यांचा हिशेब मांडून १९४९ मध्ये 'व्हाइट कॉलर क्राइम' लिहिलं, तर प्रकाशकानं कंपन्यांची नावं काढायला लावली. ती नावं छापायला १९८३ साल उजाडलं. सुधारगृहातल्या पोरांच्या घरात कितीही डोकवा, कुणी आडवं येत नाही.

म्हणून मसुदे पाठवणाऱ्या तिघांना जे लिहिलं तेच इथं लिहिते. कारागृहात जाणार असाल तर आधी बघा की तिथं कोण आहे. एनसीआरबीच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या कैद्यांपैकी ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. त्यांना 'गुन्हेगार' म्हणून प्रश्नावली देऊ नका, साधं कायद्याच्या दृष्टीनंही ते चूक आहे. एनसीआरबीचे गुन्ह्यांचे आकडे वापरणार असाल तर प्रमुख गुन्ह्याचा नियम वाचा: एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी मोजलं जातं ते सगळ्यात गंभीर. त्यामुळं खुनाबरोबर झालेली चोरी चोरीच्या रकान्यात दिसत नाही. शीर्षकात 'कारणे' लिहायचं असेल तर तुलनेला कोण आहे ते त्याच पानावर लिहा. नसेल तर शब्द बदला. 'कारणे' हा शब्द काढल्यानं पीएच.डी. अडत नाही, ठेवल्यानं अडते.

आणि ज्यांना सॅम्पसन-लॉबसारखं मुलांच्या मागं वर्षानुवर्षं जायचंय, त्यांच्यासाठी: आपल्याकडे त्या पद्धतीची खोकी सहजी मिळणार नाहीत, आणि ते योग्यच आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार काही गंभीर प्रकरणं वगळता मुलावरच्या दोषसिद्धीच्या नोंदी ठराविक काळानंतर नष्ट करायच्या असतात, आणि त्याची ओळख उघड करायला बंदी आहे. कारण हेच की पाळण्यातले पाय त्याच्या मागं आयुष्यभर लागू नयेत. संशोधकाला हे गैरसोयीचं आहे. मला स्वतःला फार गैरसोयीचं झालं. पण मला कागद हवेत म्हणून त्या मुलाचा भूतकाळ जपून ठेवा, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

माझा विषय आता बदलला आहे. अठरा पूर्ण करून बाहेर पडलेल्या, आणि स्वतःहून बोलायला तयार असलेल्या तरुणांशी मी बोलते; आणि त्यांच्याच वस्तीतल्या, त्याच वयाच्या, कुठंच नोंद नसलेल्या मुलांशीही. दोघांना तेच प्रश्न. पहिला प्रश्न आता घरचा नसतो. मी विचारते, शेवटचं कधी असं काही केलंस, आणि त्यानंतर का नाही केलंस. नोंद नसलेली मुलं या प्रश्नाला जे सांगतात ते ऐकून मी दोनदा रेकॉर्डर बंद केला आहे.

भावाला मागच्या दिवाळीत हे सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, "मला घे की तुझ्या अभ्यासात." मी त्याला संमतीपत्र दिलं. वाचून म्हणाला, "अण्णांना विचारून सांगतो." अजून सही केलेली नाही.